टेकडी हिरवी करायला निघालेल्या मंडळींना खुलं पत्र

प्रति,
जून उजाडला की कुदळ-फावडं शोधायला लागणारी समस्त वृक्षप्रेमी मंडळी, मॉर्निंग वॉकचे सगळे ग्रुप, कॉलेजातली एनएसएसची पोरंपोरी, कंपनीच्या बसमधून एकसारखे टी-शर्ट घालून उतरणारे लोक, नातवाच्या वाढदिवसाला रोप लावणारे आजीआजोबा आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन घेऊन पुण्यातली आपली वेताळ टेकडी चढणारे माझे सगळे ओळखीचे-बिनओळखीचे शेजारी, यांस,

स. न. वि. वि.

आधीच सांगते, मी रागावून लिहीत नाहीये. पत्राचं कारण असं की ग्रुपवर मेसेज फिरायला लागलेत, 'चला टेकडी हिरवी करूया', रविवारी सकाळी साडेसहा, एआरएआयच्या (त्या गाड्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या) रस्त्याने वर, टोपी आणि पाण्याची बाटली आपापली, नंतर चहा, आणि त्याखाली अंगठे आणि जोडलेले हात यांची ही रांग. रविवारची झोप सोडून कुदळ मारायला येणारा माणूस वाईट असूच शकत नाही हे मला शंभर टक्के मान्य आहे, म्हणून तर एवढं बसून पत्र लिहितेय, नाहीतर दोन ओळींचा खवचट मेसेज टाकून मोकळी झाले असते, पुण्याचीच आहे मी.

म्हणणं एवढंच आहे की यंदा टेकडीवर झाडं लावू नका.

थांबा, ग्रुप सोडू नका, पुढे वाचा.

दरवर्षी एप्रिलमध्ये वेताळाच्या देवळापाशी कुणीतरी घाम पुसत उभं असतं आणि आजूबाजूला बघून म्हणतं, काय दशा झालीये हो टेकडीची, एक हिरवं पान नाही, आमच्या लहानपणी काय झाडी होती इथे. अहो काका, तुमच्या लहानपणी पण एप्रिलमध्ये हीच दशा असणार, फक्त तेव्हा तुम्ही एप्रिलमध्ये टेकडीवर येत नव्हता, वार्षिक परीक्षा असायची. पुण्यात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरात उरकतो, पुढचे आठ महिने वरून फारसं काही येत नाही, आलाच तर थोडा परतीचा पाऊस नाहीतर एखादा वळीव. खाली मातीचा थर वीतभर, कुठेकुठे तोही नाही, त्याखाली मुरूम आणि त्याखाली तो आपला काळा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा येऊन थिजला तोच. अशा जागी भर मार्चमध्ये पानं धरून बसायचं म्हणजे असेल नसेल ते पाणी पानांतून उडवून टाकायचं, एवढा वेडेपणा इथली झाडं करत नाहीत, ती पानं टाकून देतात आणि पावसाची वाट बघतात. त्याला पानझडी म्हणतात, दशा नाही म्हणत.

आणि पानं टाकली म्हणजे झाड झोपलं असं पण नाही हं. उलट खरी धमाल तेव्हाच असते. काटेसावर फेब्रुवारीत एक पान अंगावर न ठेवता लालभडक होते आणि तिच्यावर सकाळी सकाळी साळुंक्या, बुलबुल, कावळे, खारी यांची जी भांडणं चालतात ना, ती ऐकायला आमच्यातले दोघंतिघं रोज पाच मिनिटं थांबतात, गुडघेदुखीचं कारण सांगून. गणेर बघितलीये का कुणी? सोनसावर पण म्हणतात तिला. एरवी बघाल तर काटकुळं, राखाडी, वेडंवाकडं झाड, शेजारून जाताना मान वळवणार नाही कुणी, आणि मग पानगळ झाली की फांद्यांच्या टोकांना तळहाताएवढी पिवळीधमक फुलं, इतकी चकचकीत की खोटी वाटतात. सालई आहे, तिच्या सालीचे पातळ पापुद्रे सुटत असतात आणि खोडाला डिंक येतो तो धुपाला वापरतात, नख लावून वास घेऊन बघा एकदा. मोई आहे, पांगारा आहे, मेडशिंगी आहे. आणि पळस! पळसाला पाने तीनच म्हणतो आपण, पण मार्चमध्ये या, तीही नसतात, नुसता केशरी जाळ असतो. पळसमैना म्हणून पक्षी आहेत गुलाबी पोटाचे, थेट मध्य आशियातून थंडीत आपल्याकडे येतात आणि परत जायच्या आधी या पळस-काटेसावरीवर ताव मारून जातात. हजारो किलोमीटरवरून पाहुणे ज्या झाडासाठी येतात त्या झाडाखालून आपण इअरफोन लावून, स्टेप्स मोजत, 'सगळं वाळलंय' म्हणत निघून जातो. ठीक आहे, स्टेप्स पण महत्त्वाच्या आहेत, मी पण मोजते.

आता मुद्दा गवताचा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना दोन झाडांमधली मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतात, इथे एक वड मस्त येईल, तिथे पिंपळाची रांग लावू. पण ती जागा मोकळी नाहीये हो. तिथे गवत आहे. गवत म्हणजे झाड लावायच्या आधीची रिकामी जागा नाही, ते स्वतःच एक पूर्ण बिऱ्हाड आहे. चंडोल गवतात जमिनीवर घरटं करतो, तितराचं पण तेच, टिटवी तर घरटं बांधायचे कष्टच घेत नाही, खड्यांमध्ये चार अंडी ठेवते आणि तुम्ही जवळ गेलात की डोक्यावर येऊन असा काही आरडाओरडा करते की माणूस निमूट रस्ता बदलतो. या सगळ्यांचा पिल्लं वाढवायचा काळ आणि तुमचा कुदळ घेऊन यायचा काळ एकच आहे, जून-जुलै. शंभर माणसं, शंभर कुदळी, वर एक स्पीकर, उद्घाटनाला कुणीतरी पाहुणे, आणि 'भारत माता की जय'. टिटवीने तरी कुणाकुणावर ओरडायचं?

ऑगस्टमध्ये त्याच गवतात खाली वाकून बघितलंत तर तेरडा, कवळा, पांढरी मुसळी, कुठे कुठे आमरीच्या जातीची छोटी हिरवट फुलं, आणि कुंपणाला अडकून वर चढलेली कळलावी, लाल-पिवळ्या पाकळ्या वर उलटवून. यातल्या बहुतेकांना डोक्यावर उघडं आभाळ लागतं. वर दाट सावली केली की ती गेली. म्हणजे आपण झाड लावून निसर्ग वाढवतोय असं समजत असतो आणि प्रत्यक्षात एक बिऱ्हाड उठवून तिथे दुसरं बसवत असतो, तेही टिकेल याची खात्री नसताना.

टिकायचं म्हणाल तर खड्ड्याचं पण ऐका. मुरमात दोन बाय दोनचा खड्डा घेतला आणि त्यात बाहेरची काळी माती भरली की पावसाळ्यात त्याची बादली होते, चारी बाजूंनी पाणी आत येतं आणि खाली मुरायला जागा नाही, रोपाची मुळं सडतात. त्यातून वाचलंच तर डिसेंबरपासून तीच बादली कोरडी ठणठणीत. मग तुम्ही कॅन घेऊन येता, बिचारे, धापा टाकत, आणि जानेवारीपर्यंत दहातले चारजण, मार्चपर्यंत एकच आजोबा उरतात, ते मात्र इमाने-इतबारे येतात, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे आणि त्यांच्या पाठीची काळजी पण आहे. नर्सरीतलं रोप पिशवीत वर्ष-दोन वर्षं राहिलेलं असेल तर मुळं आतल्या आत गोल फिरलेली असतात, ती कातळात शिरायचं विसरूनच गेलेली असतात, वर फांद्या दिसतात म्हणून आपण खूश. आणि ती काळी पिशवी, ती कुठे जाते? बाजूच्या झुडपात. हिरवं करून झालं की काळं मागे.

बरं, हे असं पहिल्यांदाच होतंय असं पण नाही. टेकडी हिरवी करायची हौस जुनी आहे. वनमहोत्सव १९५० साली सुरू झाला, कन्हैयालाल मुन्शींनी केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा म्हणजे रोप, झारी आणि फोटो. आपल्या महाराष्ट्रात तर २०१६ ला दोन कोटी, मग चार कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ ला थेट ३३ कोटी झाडांचा संकल्प झाला, देवांचा आकडा गाठल्यावर मग थांबलो. आणि त्याच्या कितीतरी आधी या टेकड्यांवर वनखात्याने ग्लिरिसिडिया लावला. गिरिपुष्प म्हणतात, उंदीरमारी पण म्हणतात. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. हेतू चांगलाच होता, भराभर वाढतं, नुसती फांदी रोवली तरी जगतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, बोडक्या टेकड्या झाकायला एकदम बेस्ट. इतकं बेस्ट की आता काही उतारांवर दुसरं काही शोधायला लागतं. शेंगा वाळल्या की चटाचट फुटतात आणि बिया लांब उडवतात, म्हणजे वृक्षारोपण ते स्वतःच करतं, बॅनरशिवाय. फेब्रुवारीत फिकट गुलाबी फुलतं, तेव्हा पोरं त्याच्याखाली रील करून 'पुण्यातला चेरी ब्लॉसम' म्हणून टाकतात. दिसतं सुंदर, नाही म्हणत नाही. सुबाभूळ तसंच, ऐंशीच्या दशकात चमत्कारी झाड म्हणून डोक्यावर घेतलं आणि आता कुठे उपटू आणि कुठे नको असं झालंय.

बाहेरून आलेलं सगळं वाईट असं म्हणणाऱ्यांतली मी नाही, गैरसमज नको. टेकडीच्या उतारावरचं सीताफळ पण अमेरिकेकडचंच आहे, पण ते खाता येतं त्यामुळे त्याच्या नागरिकत्वाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. गुलमोहर मादागास्करचा, तरी मे महिना त्याच्याशिवाय होत नाही. आणि गाजरगवत, ते तर आपल्या खास अभिमानाचा विषय, भारतात त्याची पहिली नोंद १९५५ च्या सुमारास झाली ती आपल्या पुण्यातच. 'पुणे तिथे काय उणे' लिहिणाऱ्यांनी ही पण एक पाटी लावायला हरकत नाही. सांगायचा मुद्दा, झाड वाईट नसतं, घाई वाईट असते. पन्नास वर्षांनी त्याचं काय होईल हे न बघता 'लवकर हिरवं दिसेल' एवढ्यावर निवडलं की असं होतं, आणि ग्रुपवरच्या तुमच्या यंदाच्या रोपांच्या यादीत जे 'फास्ट ग्रोइंग' लिहिलंय ना, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला.

तुम्ही विचाराल, मग टेकडीवर नवीन झाडं येणार कशी? येतात हो. येतच असतात, फक्त त्यांचा कार्यक्रम नसतो म्हणून कळत नाही. बुलबुल, कोकिळा, साळुंक्या हे आपले मुख्य माळी आहेत. फळ खायचं, दुसऱ्या झाडावर जाऊन बसायचं, आणि पुढचं तुम्हाला माहितीये. कडुनिंब असा येतो, बोर येते, चंदन येतं. चंदनाची तर गंमतच आहे. दुसऱ्यासाठी झिजावं कसं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या चंदनाकडून शिकत आलो, निबंधात लिहीत आलो, आणि प्रत्यक्षात हे झाड जमिनीखाली शेजाऱ्याच्या मुळांना आपली मुळं चिकटवून त्याचं अन्नपाणी ओढत असतं. म्हणून ते बाभळी-बोरीच्या गर्दीत छान वाढतं आणि एकट्याला ऐटीत कुंडीत लावलं की रुसतं. पक्ष्याने टाकलेली बी झुडपाच्या आडोशाला पडते, काट्यांमुळे गुरं-बकऱ्या तिथे जात नाहीत, सावली असते, आणि बरोबर त्याच जागी रोप धरतं जिथे ते जगू शकतं. आपल्याला खड्डा घेण्यासाठी सोयीची जागा लागते, त्याला जगण्यासाठी सोयीची लागते, एवढाच फरक. फक्त आपण ते झुडूप 'साफसफाई' म्हणून कापलं नाही पाहिजे.

आणि हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. तुमच्यातले निम्मे लोक ट्रेकिंगवाले आहेत. के टू एस करता, पौर्णिमेच्या रात्री कात्रज ते सिंहगड, तेरा टेकड्या मोजत, पहाटे पायाचे तुकडे पडलेले असताना गडावर दही आणि भजी खाता. हिमालयात जायचं म्हणून आपल्या टेकडीवर सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून वर-खाली करता (एकजण विटा भरतो, तो कुठे जाणार आहे कळत नाही, पण शुभेच्छा). मावळात, मुळशीत, भीमाशंकरकडे तुम्ही देवराया बघितल्यात. उन्हात तापलेल्या उतारावरून चालता चालता अचानक गारवा लागतो, वर आभाळ दिसत नाही, जाडजूड वेली, पायाखाली पानांचा गादीएवढा थर, आणि सगळ्यांचा आवाज आपोआप बारीक होतो. तिथे कुणी खड्डे घेतले होते? कुणी टी-शर्ट छापले होते? तिथल्या लोकांनी शेकडो वर्षं एकच केलं, कुऱ्हाड आत नेली नाही. देवाच्या धाकाने का होईना, पण हात आवरला. तुम्हीच तिथून परत येऊन स्टेटसला फोटो टाकता, 'असं जंगल बघितलं नव्हतं', आणि पुढच्या रविवारी आपल्या टेकडीवर कुदळ घेऊन हजर.

कारवीचं पण तेच. सात-सात, आठ-आठ वर्षं नुसती हिरवी काटकुळी झुडपं उभी असतात डोंगरभर, कुणी ढुंकून बघत नाही, आणि मग एका पावसाळ्याअखेर सगळा उतार जांभळा-निळा होतो आणि मधमाश्यांची चंगळ. मधल्या सहा-सात वर्षांत कुणी उत्साही माणसाने 'या झुडपांचा काही उपयोग दिसत नाही' म्हणून ती काढून तिथे काही 'चांगलं' लावलं असतं तर?

आता तुम्ही म्हणाल ही बाई नुसतं नको नको म्हणतेय, मग आमच्या उत्साहाचं करायचं काय, कंपनीने बजेट दिलंय, बस ठरलीये. तर ऐका, झाडं लावाच, भरपूर लावा, फक्त खाली लावा.

खाली म्हणजे शहरात. जिथे आपण राहतो. मे महिन्यात कुठल्याही सिग्नलला बघा, टू-व्हीलरवाले सिग्नलपाशी थांबतच नाहीत, मागे तीस फुटांवर जिथे झाडाची सावली पडते तिथे सगळे गोळा होऊन उभे असतात, पुढे झेब्रा क्रॉसिंगपर्यंत रस्ता मोकळा. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी पाटी लावलेली नसते, पण पुण्यात दुचाकीवाल्यांनी एकमताने पाळलेली शिस्त बघायची असेल तर ती तिथेच. एका झाडाखाली काय काय चालतं बघा कधी. रिक्षा स्टँड, चपला शिवणारे, इस्त्रीची गाडी, उसाचं गुऱ्हाळ, शहाळीवाला, शाळा सुटायची वाट बघणाऱ्या आया, दुपारी डब्बा खाणारी डिलिव्हरीची मुलं, आणि एखादा निवृत्त माणूस जो कुणाचीच वाट बघत नसतो. त्या सगळ्यांना टेकडीवरच्या तुमच्या वडाचा काडीचा उपयोग नाही. त्यांना तिथे, त्या फुटपाथवर, एक करंज किंवा कडुनिंब हवाय. ताम्हण लावा, आपल्या राज्याचं फूल आहे, निदान त्यासाठी तरी. बहावा लावा, बकुळ लावा. जागा मोठी असेल तर वड-पिंपळ लावा, पण कंपाउंडच्या भिंतीला खेटून नका लावू, दहा वर्षांनी भिंत आणि वड यांच्यात कोण जिंकणार हे सगळ्यांना माहितीये.

आणि इथेच माझी खरी तक्रार आहे, प्रेमळच, पण तक्रार. रविवारी टेकडीवर झाड लावणारा आपलाच माणूस सोमवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उठून म्हणतो की ते पार्किंगमधलं जांभळाचं झाड काढून टाका, गाडीवर डाग पडतात. शेवग्याला सुरवंट येतात, तोडा. पानं पडतात, कचरा होतो, तोडा. कावळे बसतात, तोडा. पहिल्या मजल्यावर अंधार येतो, तोडा. एका मीटिंगमध्ये तर पारिजातकाबद्दल तक्रार आली होती, फुलं पडतात म्हणून! आता पारिजातकाने फुलं पाडायची नाहीत तर काय करायचं? सगळ्यांच्या माहितीसाठी, आपल्याकडे १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे, खासगी जागेतलं झाड असलं तरी तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे. तोडायचं नाही म्हणून मग काय करतात, तर बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतात, चारी बाजूंनी सिमेंट, पाणी जायला फट नाही, वर दिवाळीच्या माळांसाठी खिळे. मग तीन-चार वर्षांनी वादळी पावसात ते पडतं आणि आपण म्हणतो, झाड धोकादायकच होतं.

त्यामुळे माझी विनंती अशी की श्रमदान हवंच असेल तर यंदा कुदळी घेऊन टेकडीवर येण्याऐवजी आपापल्या गल्लीत या, झाडांच्या बुंध्याभोवतीचे मीटरभर ब्लॉक काढा, माती मोकळी करा, खिळे उपटा, खूप मजा येते खिळे उपटायला. टेकडीवरच यायचं असेल तर घाणेरी, म्हणजे ते बाहेरून येऊन पसरलेलं लँटानाचं झुडूप, काढायला या, ती काढणं हे खरंच काम आहे, हात सोलवटतात. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला आग लागू नये म्हणून डोळा ठेवा, सिगरेटवाल्यांना हटका, आग दिसली तर फोन करा. बाटल्या उचला. मोरांना फरसाण घालू नका, पोळी पण नको, मोर किडे, सरडे, बिया खाऊन मजेत असतो, त्याला तुमच्या डाएट प्लॅनची गरज नाही. स्पीकर घरी ठेवा, किशोरकुमार मलाही आवडतो पण नवरंगाला ऐकायचंय मला, तो पावसाच्या तोंडावर येतो आणि दोन सुरांची शीळ घालतो, सकाळी आणि संध्याकाळी, एवढंच. (टेकडीतून काढायच्या म्हणतात त्या रस्त्यांचा आणि बोगद्यांचा विषय मी मुद्दाम काढलेला नाही, त्याला वेगळं पत्र लागेल आणि त्याची भाषा इतकी गोड नसेल.)

आणि एक वर्ष, फक्त एक वर्ष, टेकडीवर काही न लावता नुसते येत राहा की. जूनमध्ये याल तसेच नोव्हेंबरमध्ये या, गवत सोनेरी होतं तेव्हा. दसऱ्याच्या आधी या आणि आपट्याचं झाड कुठलं आणि कांचन कुठला हे एकदा बघून ठेवा, दरवर्षी आपण कांचनाची पानं 'सोनं' म्हणून एकमेकांना देतो आणि बिचाऱ्या दोन्ही झाडांच्या फांद्या मोडतो. फेब्रुवारीत या. एप्रिलमध्ये या, टोपी घालून. मे महिन्यात लवकर या, करवंदं असतात एका बाजूला, कुठल्या ते मी इथे लिहिणार नाही. वर्षभर बघितल्यावरही तुम्हाला वाटलं की अमुक जागी अमुक झाड हवंच, तर त्या विषयातल्या जाणत्या माणसांना विचारा, वनखात्याची जागा आहे तर त्यांची परवानगी घ्या, आणि मग लावा, मी स्वतः घमेलं उचलायला येईन.

तोपर्यंत एक काम आहे. माझ्या गॅलरीत बहाव्याची रोपं तयार आहेत. शेंगा गेल्या वर्षी रस्त्यावर पडलेल्या उचलल्या होत्या, बियांचं कवच कडक असतं म्हणून सँडपेपरवर घासल्या, रात्रभर पाण्यात ठेवल्या आणि दुधाच्या पिशव्यांत लावल्या, घरच्यांनी आता दुधाच्या पिशव्या लपवायला सुरुवात केलीये. ज्यांच्या सोसायटीत किंवा गल्लीत जागा आहे त्यांनी न्या, फुकट आहेत. अट दोनच, बुंध्याभोवती माती मोकळी ठेवायची आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घालायचं, नळाचं, कॅन उचलायची गरज नाही. मीटिंगमध्ये विषय काढायला सोबत कुणी हवं असेल तर मी येते, मला बोलायला लाज वाटत नाही. सकाळी साडेसहा ते साडेसात खाणीच्या बाजूला असते. पिशव्यांच्या तळातून मुळं बाहेर यायला लागलीयेत, तेव्हा या महिन्यातच या.

कळावे, लोभ असावाच,
तुमचीच,
रोजची एक टेकडीवाली